तोफेचा हिशोब संसदेत नेमका कोण तपासतो?

गनर, पारोळा

राम राम मंडळी.

मी पारोळा तालुक्यातला. १९८९ ला नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला गेलो, २०११ ला हवालदार म्हणून परत आलो. आता साडेतीन एकर कापूस, दोन म्हशी आणि संध्याकाळी बस स्टँडसमोर चहा. प्रश्न त्या टपरीवरचाच आहे. तिथं आवाज जास्त आणि उत्तर कमी, म्हणून इथं विचारतो.

आमच्यात एक रिटायर मास्तर आहेत, आप्पा. पेपर कोळून पितात. परवा म्हणाले, २०२५-२६ चं संरक्षणाचं बजेट ६ लाख ८१ हजार कोटींचं, आणि ते मंजूर कसं होतं माहीत आहे का? सभापती विचारणार, 'हो'वाले हो म्हणणार, झालं. आपल्या ग्रामसभेत गटारीच्या दोन लाखांवर यापेक्षा जास्त वेळ भांडण चालतं. सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि या हवालदाराची बोफोर्स तोफ! चौसष्ट कोटी खाल्ले तिच्यात."

इथं माझं डोकं फिरतं. मी त्या तोफेवर चार वर्षं काढली आहेत. ९९ साली द्रासला होतो. वर टोलोलिंगवर आपली पोरं चढत होती आणि आम्ही खालून समोरच्या कड्यावर मारत होतो. बोफोर्स नसती तर काय झालं असतं, ते मला विचारा, पेपरला नको. पैसे कोणी खाल्ले असतील तर त्याला फाशी द्या, माझं काही म्हणणं नाही. पण एवढा गोंधळ झाला, सरकार पडलं, आणि पुढं काय? १९८६ ला ४१० तोफा घेतल्या, त्यानंतर बाहेरून मोठ्या तोफेचा करार झाला तो थेट २०१६ ला. तीस वर्षं! मी भरती झालो, लढलो, रिटायर झालो, तोवर नवी तोफ आलीच नाही. देवळालीला २०१८ मध्ये नव्या तोफा आल्याचं टीव्हीवर पाहिलं तेव्हा घरी म्हशीला वैरण टाकत होतो.

म्हणून माझा प्रश्न. संसदेत खरंच कोणी बघतं का, की कोणती तोफ किती रुपयांना घेतली, चालते का, गोळे आहेत का? आणि बघत असतील तर त्या बघण्यानं फौजीचं भलं होतं की नुकसान? कारण माझ्या अनुभवात एकदा बघितलं आणि तीस वर्षं हात आखडले.

आते तुम्हीच सांगा भो, हाई कोन देखस?

---

केळीवाला, रावेर

हवालदार नाना, आधी सलाम तुम्हाला. उत्तर एका ओळीत: कोणी बघत नाही. आमच्या केळीच्या भावावर सभागृहात जो एखादा प्रश्न येतो, त्याचं उत्तर 'माहिती गोळा करण्यात येत आहे' असं येतं. तुमच्या तोफेवर प्रश्न आला तर 'देशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने उघड करता येत नाही'. आमच्यापेक्षा तुमचं बरं, निदान कारण तरी भारदस्त मिळतं.

---

जुना ऑडिटर, भुसावळ

गनरसाहेब, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. संरक्षणखात्याच्या ऑडिटमध्ये माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

तुमचे आप्पा अर्धे बरोबर आहेत. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांनी वर्षासाठी मागितलेला पैसा, लोकसभेत मंजूर होतात तेव्हा वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्याला 'गिलोटिन' म्हणतात, नाव उगाच नाही. २०१८ आणि २०२३ मध्ये तर एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा न होता सगळं एका दमात संमत झालं. संरक्षणाच्या मागण्या असतात चार: खात्याचा नागरी खर्च, सैन्याचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि पेन्शन. आप्पांच्या ६ लाख ८१ हजार कोटींमधले १ लाख ६० हजारांवर कोटी निव्वळ पेन्शनचे आहेत, म्हणजे तुमच्याही म्हशींची वैरण त्यातच आली. नवी विमानं, तोफा, जहाजं ज्यातून येतात तो भांडवली भाग १ लाख ८० हजार कोटींचा.

आता मुद्द्याचं. संसद कुठलीही तोफ मंजूर करत नाही. आपल्याकडे तशी रीतच नाही. सैन्य गरज मांडतं, ती संरक्षण संपादन परिषद मान्य करते (ही परिषदही कारगिलनंतर, २००१ ला आली), मग निविदा, चाचण्या, भावाची घासाघीस, आणि रक्कम मोठी असेल तर मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती. खासदारांपुढे येते ती वर्षाची ढोबळ रक्कम. म्हणजे सुनेनं महिन्याचा किराणा म्हणून पैसे मागायचे आणि सासऱ्यानं द्यायचे. तुरीची डाळ कुठून आणली आणि काय भावानं, हे विचारायचं ते महिना संपल्यावर. अमेरिकेत दरवर्षी संरक्षणाचा वेगळा कायदा करून किती विमानं घ्यायची इथपर्यंत लिहितात. आपल्याकडे विचारणं होतं, पण मागाहून.

मागाहून विचारणारे तिघे. एक, संरक्षणाची स्थायी समिती. खातेनिहाय समित्या १९९३ पासून आल्या. ३१ खासदार, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. बजेट मांडल्यावर मधल्या सुट्टीत ते सचिवांना आणि तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवतात. दारं बंद, कॅमेरा नाही, म्हणून टपरीवर त्याची चर्चा नाही. मंत्र्याला तिथं सदस्य होता येत नाही. आपल्याकडचंच सांगतो: धुळ्याचे डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते, म्हणजे त्या समितीसाठी ते टेबलाच्या पलीकडचे.

दोन, महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. मी ज्याच्या पायरीवर बसायचो ते. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि दोन्ही सभागृहांत ठेवतात. (आपल्या जळगावच्या प्रतिभाताई राष्ट्रपती असताना पुण्याहून सुखोईतून उडाल्या, हे सगळ्यांना आठवतं. पाच वर्षं असे अहवाल त्यांच्याच नावे जात होते, ते कोणाला आठवत नाही.) तीन, लोकलेखा समिती, २२ खासदार. अध्यक्ष विरोधी पक्षाचा, हा पायंडा १९६७ पासून. कॅगच्या ढिगातून ते काही विषय उचलतात आणि सचिवांना बोलावून सोलतात.

खाली प्रत्यक्षात काय चालतं, त्याचा एक नमुना. दुसऱ्या राज्यातल्या एका डेपोत आम्ही तिघं ऑडिट पार्टी म्हणून गेलो होतो. जून महिना, पत्र्याची शेड. एका रॅकवर टायर, अगदी नवे, कागद न काढलेले. लेजर पाहिलं तर ज्या गाड्यांचे टायर, त्या गाड्या फौजेतून केव्हाच निवृत्त. तरीही दरवर्षी मागणी जात होती, कारण मागच्या वर्षीच्या मागणीची कॉपी काढून वर सही व्हायची. मी सात ओळींचा मेमो लिहिला. चौदा महिन्यांनी उत्तर आलं: 'नोंद घेतली, भविष्यात दक्षता घेण्यात येईल'. त्या सात ओळी वर जाऊन कुठल्या परिच्छेदात मिसळल्या, की वाटेत सुकल्या, मला कधी कळलं नाही. पण मागणी थांबली. पुढच्या वर्षी मी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

आता तुमचं कारगिल. त्या लढाईसाठी जी घाईची खरेदी झाली, तिचं ऑडिट २००१ ला संसदेत आलं. बहुतेक माल लढाई थांबल्यावर पोचला होता. तुम्ही वर होता, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. लोकलेखा समितीनं त्या व्यवहारांवरचा दक्षता आयोगाचा अहवाल मागितला, तर संरक्षणखात्यानं गुप्त म्हणून तो दिलाच नाही. संसदेच्या समितीला! रावेरच्या भाऊंचा टोमणा तिथं शंभर टक्के लागू.

आणि बोफोर्स. इथं मी तुमच्याशी थोडा भांडणार. तुम्ही ज्याला 'बघणं' म्हणता ते बघणं नव्हतं. १९८७ ला संयुक्त संसदीय समिती नेमली, शंकरानंद अध्यक्ष. विरोधकांनी बहिष्कार टाकला, मग सगळं घरचंच कार्य. १९८८ ला अहवाल आला, एका सदस्याची वेगळ्या मताची टिपणी सोडली तर सगळं आलबेल. खरं झोंबलं ते १९८९ चं कॅगचं ऑडिट. तोफेची निवड कशी झाली, वाटाघाटी कशा झाल्या, फायलीतल्या नोंदींवरून लिहिलेलं, भाषा अगदी कोरडी. त्यावरून विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले. म्हणजे कोरड्या कागदाचंही पुन्हा राजकारणच झालं, ते अटळ होतं. पण त्या अहवालात कुठंही लिहिलेलं नव्हतं की आता तीस वर्षं तोफा घेऊ नका.

ते तीस वर्षांचं पाप भीतीचं. सही करायला कोणी तयार नाही. एखाद्या कंपनीवर आरोप झाला की कंपनीच काळ्या यादीत: दक्षिण आफ्रिकेची डेनेल २००५ ला गेली, पुढं सिंगापूरची कंपनीही तशीच. दलाल सापडत नाही, सही करणारा सापडत नाही, म्हणून कंपनीला शिक्षा, आणि ती भोगायची तोफेवरच्या गनरनं. त्यात माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. बोफोर्सच्या कराराबरोबर तोफ बनवायचे आराखडे आपल्याला मिळालेले होते. पैसे देऊन! ते वर्षानुवर्षं पडून राहिले. पुढं त्यावरून जबलपूरला 'धनुष' उभी राहिली तेव्हा गोऱ्या दलालाचं नाव घेणारी पिढी म्हातारी झाली होती. चौसष्ट कोटींवर निवडणूक झाली. पडून राहिलेल्या आराखड्यांवर एक सभा झाल्याचं मला आठवत नाही.

तुम्ही गोळ्यांचं विचारलं, तर तपासणी कशी असावी याचं माझं आवडतं उदाहरण तेच आहे. दारूगोळ्याचा साठा ४० दिवसांच्या घनघोर लढाईला पुरावा हा दंडक. निदान २० दिवसांचा तरी हवाच. २०१५ च्या कॅग अहवालानं १७० प्रकार एकेक करून तपासले, त्यातले १२५ त्या २० दिवसांच्याही खाली. नुसता आरोप करून न थांबता २०१७ ला पुन्हा जाऊन मोजलं: १५२ प्रकारांतले ६१ दहा दिवससुद्धा पुरणार नाहीत अशा अवस्थेत. भाषण नाही, दलाल नाही, स्वित्झर्लंड नाही. नुसती मोजणी. मधल्या काळात उरीचा हल्ला झाला, लष्कराच्या उपप्रमुखांना तातडीनं दारूगोळा घ्यायचे अधिकार मिळाले. ते ऑडिटमुळे झालं असा दावा मी करणार नाही. उरी झालं नसतं तर फाइल अजून फिरत असती असं माझं मत. पण किती कमी आहे, हा आकडा तयार होता म्हणून काय घ्यायचं ते कळलं.

---

वरणगावची सून

काका, दारूगोळ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमचे हे वरणगावच्या फॅक्टरीत, सासरेही तिथंच होते. १९६४ ची फॅक्टरी. चीनच्या लढाईनंतर यशवंतराव संरक्षणमंत्री असताना उभी राहिली, हे सासरे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. रायफलीची काडतुसं होतात. भुसावळची त्याहून जुनी, १९४९ ची.

तुम्ही समित्यांचं सांगितलं ते खरं असेल, पण आमच्या घरात जी तपासणी हवी होती ती झालीच नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ फॅक्टऱ्या मोडून सात कंपन्या केल्या. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियात, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडियात. दोन्ही गावांत तेरा-चौदा किलोमीटरचं अंतर, माझी नणंद भुसावळच्या क्वार्टरमध्ये, आता दोघी वेगळ्या कंपनीच्या. त्याआधी ऑगस्टमध्ये संपबंदीचा कायदा झाला. ३ ऑगस्टला लोकसभेत, बाकी सभागृह पेगॅससवर घोषणा देतंय, आवाजी मतदान, संमत. मी मोबाइलवर लाइव्ह बघत होते, एका हातात लाटणं. आमच्याबद्दल काय बोलले ते घोषणांत ऐकूच आलं नाही. दोन्ही बाजूंचा राग आला, खोटं कशाला सांगू.

सगळ्यांना 'मानीव प्रतिनियुक्ती' दिली, म्हणजे माणूस सरकारचा, बसायचा कंपनीत. मुदत आधी दोन वर्षं होती, मग वाढत गेली. माझा प्रश्न एवढाच की आता फॅक्टरी कंपनी झाली, तर तुमचे ते तिघे आमच्याकडे बघणार की नाही? की तेही गेलं?

---

केळीवाला, रावेर

वहिनी, तुमचा प्रश्न भारी. ऑडिटर काका, माझाही एक घ्या. ती ३१ जणांची समिती. ती पैसे रोखू शकते का? खरेदी थांबवू शकते का? नाही ना? मग तो गावच्या तंटामुक्ती समितीसारखा प्रकार झाला. फोटो, चहा, बिस्कीट.

---

जुना ऑडिटर, भुसावळ

आधी वहिनींचं. ते गेलं नाही, दार बदललं. सरकारी कंपनीचं ऑडिटही कॅगच्याच देखरेखीखाली असतं आणि वार्षिक अहवाल संसदेत ठेवावाच लागतो. आता तिथं सार्वजनिक उपक्रम समितीला शिरता येतं. फरक असा की पूर्वी फॅक्टरीचा हिशोब संरक्षणाच्या बजेटमध्येच दिसायचा. आता तो ताळेबंदात दिसतो, आणि ताळेबंद नफा-तोटा विचारतो. काडतूस वेळेवर मिळालं का, हे ताळेबंद आपणहून विचारत नाही, ते कोणीतरी मुद्दाम विचारावं लागतं. तुमच्या सासऱ्यांच्या फॅक्टरीबद्दल तो प्रश्न कोणी विचारायचा? तुमच्या रावेर मतदारसंघाच्या खासदार सध्या राज्यमंत्री आहेत, म्हणजे समितीत त्यांना बसता येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारचे तिघे मात्र लेखी प्रश्न टाकू शकतात. लेखी प्रश्नाला छापील उत्तर येतं आणि ते नोंदीत कायम राहतं. शून्य प्रहरातल्या आरडाओरड्यापेक्षा मला ते जास्त आवडतं, पण त्याची रील होत नाही.

भाऊ, तुमचं. नाही, रोखू शकत नाही. शिफारसच करते. सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं एवढंच. तंटामुक्ती म्हणा हवं तर. पण मार्च २०१८ ची गोष्ट ऐका. अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी. सत्ताधारी पक्षाचे, आणि स्वतः निवृत्त मेजर जनरल. लष्कराच्या उपप्रमुखांनी त्यांच्या समितीपुढं सांगितलं की आमची ६८ टक्के सामग्री जुनाट गटातली, २४ टक्के सध्याच्या काळातली, आणि अत्याधुनिक फक्त ८ टक्के. हे विरोधकांनी मैदानात म्हटलं असतं तर देशद्रोही ठरले असते. समितीनं ते जसंच्या तसं अहवालात छापलं. दुसऱ्या दिवशी देशभर पेपरात. त्याच वर्षी सप्टेंबरात समिती नव्यानं बनली तेव्हा खंडुरींच्या जागी कलराज मिश्र अध्यक्ष होते. ज्यानं त्यानं काय समजायचं ते समजावं. बिस्किटं खाणाऱ्या समितीचा अध्यक्ष बदलायची कोणाला गरज पडत नाही, असं आपलं माझं मत.

उलट बाजूही सांगतो. पैसा कमी म्हणून समिती ओरडते, आणि पैसा खर्चच होत नाही असंही घडतं. २०२४-२५ ला भांडवली खर्चाला १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आले. वर्ष संपलं की न खर्चलेला पैसा परत. म्हणून समिती कित्येक वर्षं सांगते आहे की वर्षाअखेर न बुडणारा निधी वेगळा काढा. तेव्हाचे अर्थमंत्री जसवंतसिंगांनी २००४ च्या हंगामी बजेटात २५ हजार कोटींचा असा निधी जाहीरही केला होता. पंधराव्या वित्त आयोगानंही २०२१ ते २६ साठी वेगळा निधी सुचवला. अजून गाडी स्टेशनातच आहे.

आणि एक खंत, ऑडिटवाल्याची. २०१९ ला राफेलचा अहवाल आला, ३६ विमानांचा. किमतीचे आकडे झाकलेले, फक्त टक्केवारी: आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त. माझ्या नोकरीत आम्ही आकडा लिहायचो आणि टक्के वाचणाऱ्यानं काढायचे. इथं उलटं. पुढं २०२० मध्ये तेव्हाचे महालेखापरीक्षक राजीव महर्षी यांनी सांगितलं की संरक्षणाचे अहवाल संकेतस्थळावर न टाकणं हे विचारपूर्वक ठरवलेलं आहे. शत्रूच्या हाती आयतं लागू नये हे कळतं मला. पण अहवाल सभागृहात ठेवला की तो सार्वजनिकच होतो. अडतो कोण? पारोळ्याचा हवालदार.

म्हणून गनरसाहेब, तुम्हाला वाचायचंच असेल तर स्थायी समितीचे अहवाल घ्या, ते लोकसभेच्या साइटवर हिंदीतही असतात. त्यात 'की गई कार्यवाही' असं नाव असलेला अहवाल शोधा. त्याची पाच प्रकरणं ठरलेली. दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीनं सोडून दिलेल्या. ती दोन्ही सोडा. चौथ्यात सरकारचं जे उत्तर समितीला पटलं नाही ते, आणि पाचव्यात 'अंतिम उत्तर अजून यायचं आहे' ते. दोन वर्षांची चौथी आणि पाचवी प्रकरणं शेजारी ठेवली की कुठली गोष्ट कोण किती वर्षं लोंबकळत ठेवतंय ते आपोआप दिसतं. पक्ष कुठलाही असो. सत्तावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो, आजवर दोघांनी वाचलं. त्यातला एक माझा जावई, त्याला नाही म्हणता आलं नाही.

---

गनर, पारोळा

काका, तिसरा मी.

भाच्यानं मोबाइलवर काढून दिलं, पारोळ्याला झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. दोन रुपये पान, हिंदीच घेतलं. फौजेची हिंदी आणि ही हिंदी यांचा काही संबंध नाही. तुम्ही सांगितलेलं चौथं प्रकरण अजून हातात आलं नाही, आधी ते २०१८ चं खंडुरीसाहेबांचं लष्कराचं घेतलं. मेजर जनरलनं लिहिलंय म्हटल्यावर राहवलं नाही.

बोफोर्सबद्दल तुम्ही म्हणालात त्यावर विचार केला. ते आराखड्यांचं मला माहीतच नव्हतं. द्रासला एक सुटा भाग मिळेना म्हणून दुसऱ्या तोफेचा काढून लावलेला मी स्वतः पाहिलाय. आराखडे कपाटात आणि आम्ही एका तोफेचं काढून दुसरीला लावतोय. रात्री झोप आली नाही हे वाचून.

आता अडचण. एका ठिकाणी शब्द अडलाय, 'प्रतिबद्ध देयताएं'. त्याच्या शेजारी २९,०३३ कोटी लिहिलंय. आणि नव्या सामानासाठी मिळाले २१,३३८ कोटी. मिळाले कमी आणि हे देणं जास्त, हे कसं काय? छपाईची चूक आहे का? आप्पांना विचारलं, त्यांनी 'कटिबद्धता' असं काहीतरी सांगितलं, पण त्यांनाही कळलेलं नाही, चेहऱ्यावरून दिसत होतं.

---

जुना ऑडिटर, भुसावळ

छपाईची चूक नाही. नेमक्या जागी अडलात.

समजा तुम्ही तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घेतला, दोन वर्षांपूर्वी ठिबक केलं, गेल्या वर्षी विहीर खोल केली. सगळं हप्त्यानं. या वर्षी घरात पैसे आले २१ हजार. आणि जुन्या हप्त्यांचीच बेरीज निघाली २९ हजार. ती बेरीज म्हणजे प्रतिबद्ध देयता. आधी सह्या करून ठेवलेल्या करारांचे हप्ते, बाकीची घाईची देणीही त्यातच. नवीन नांगर घ्यायचा विषयच नाही, आधीचा ट्रॅक्टरवाला दारात उभा. मिळालेला पैसा 'आधुनिकीकरण' या नावाखाली येतो आणि पेपरात तोच आकडा छापतात.

---

गनर, पारोळा

म्हणजे पेरणीच्या आधीच सोसायटी कापून घेणार. हे आप्पांना आज संध्याकाळीच सांगतो, ट्रॅक्टरच्या भाषेत. ते नाही म्हटले तर कागद त्यांच्यापुढं ठेवतो, दोन रुपये पानाचा.

म्हशी ओरडायला लागल्या. चौथं प्रकरण मिळालं की लिहितो.